हॉल्टबाई

चोरून खाणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. चोरून उपाशी राहिलेली बाई मात्र एकच पाहिली, आणि ती मला रोज आरशात दिसायची. सत्तेचाळीस वर्षांची, पदवीधर, दोन मुलांची आई. भर पंगतीत ताटातल्या दोन पुऱ्या तिनं पर्समध्ये सारल्या, वर रुमाल टाकला आणि तोंड पुसून ढेकर दिल्याचं नाटक केलं. शेजारी वीस-बावीस बायका मजेत जेवत होत्या. जेवा, पोटभर जेवा, म्हणून सांगणाऱ्या बाई समोर शिटी घेऊन उभ्या होत्या. तरी ही शहाणी उपाशी. का, तर वजन पंधरा दिवस लवकर उतरावं म्हणून. ती पर्स पुढे कितीही धुतली तरी बटाट्याच्या भाजीचा वास काही गेला नाही.

परवा नात मोबाइलवर वाचून मला शिकवत होती. म्हणाली, "आज्जी, आता नवीन निघालंय. सलग डाएट करायचं नाही. मध्येमध्ये ठरवून ब्रेक घ्यायचा."

मी म्हटलं, "हे नवीन असेल तर मी अजून लग्नाची आहे."

तिला वाटलं म्हातारी चळली. तिला काय माहीत, नव्वदच्या दशकाच्या शेवटाला आमच्या गंगापूर रोडच्या कॉलनीत एक बाई हेच सांगत होत्या, ते ऐकायला मी रोज सकाळी सहाला जात होते, आणि घरी येऊन नेमकं उलटं करत होते. बाई आता नाहीत. ज्यांच्यासमोर माझी अब्रू जायची होती, त्या घोटीच्या आजीबाईही नाहीत. साक्षीदार संपल्यावर कबुलीजबाब देणारी मी किती शूर, ते तुम्हीच ठरवा.

बाईंचा वजन उतरवायचा क्लास त्यांच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये भरायचा. सुती साडी, खाली पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिटी. आणि स्वतः चांगल्या ऐसपैस. नवी आलेली प्रत्येक बाई आधी त्यांच्याकडे बघायची, मग आमच्याकडे, मग गेटकडे. एकीनं धीर करून विचारलंच, "बाई, राग मानू नका, पण तुम्हीच अशा, मग आम्ही भरवसा कसा ठेवायचा?"

"मी नव्याण्णव होते. चौऱ्याहत्तरवर आले आणि नऊ वर्षं तिथंच उभी आहे," बाई म्हणाल्या. "तुला बारीक बाईकडून शिकायचंय का टिकलेल्या बाईकडून, ते ठरव. ठरत नसेल तर बाजूला हो, मागचीला वजन करू दे."

हे वजन करायचं म्हणजे एक सोहळाच. बाईंच्या भाच्याची निफाडला द्राक्षबाग. त्याच्याकडचा जुना वजनकाटा त्यांनी उचलून आणला होता. लोखंडी फळी, वर दांडी, दांडीवर सरकणारं वजन. त्या फळीवर द्राक्षांच्या पेट्या ठेवायच्या तशा आम्ही उभ्या राहायचो. आमच्या वजनाबद्दल बाई किलोत बोलायच्याच नाहीत. त्या काळी द्राक्षाची पेटी चार किलोची, म्हणून आमचा सगळा हिशेब पेट्यांत. "तुझ्या तीन पेट्या उतरायच्यात," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, ते इतक्या मोठ्यानं की पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी वर्तमानपत्र खाली करून माझ्याकडे बघून घेतलं.

बाईंचे वडील इगतपुरीला इंजिन ड्रायव्हर होते. बाईंचं बालपण रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गेलं, आणि जगातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर इगतपुरी स्टेशनात मिळतं अशी त्यांची खात्री होती. मुंबईकडून घाट चढून आलेली गाडी तेव्हा इगतपुरीला थांबायचीच. तिथं इंजिन बदलायचं, मागून ढकलायला लावलेलं जादा इंजिन सुटायचं, मग गाडी पुढे. "थांबते म्हणून भुसावळ बघते," बाई म्हणायच्या. "नाहीतर बघेल का?" यावर आम्ही सगळ्याजणी भुसावळला कधी न गेलेल्या बायका गंभीरपणे माना हलवायचो.

तर सहा आठवडे चढण आणि दोन आठवडे हॉल्ट, हे बाईंचं वेळापत्रक. चढणीत दीड भाकरी, वरण, उसळ, पालेभाजी, ताक. साखरेचं नाव नाही. एक शिक्षिका होत्या आमच्यात. त्या म्हणाल्या, "वजन उतरवायचं, मग चढण कशी म्हणता?"

"दीड भाकरीवर उठून बघ एकदा. उतार वाटतो का ते सांग."

हॉल्ट सुरू झाला की बाई आपल्या गॅलरीच्या कठड्याला लाल फडकं बांधायच्या. कॉलनीतल्या नवऱ्यांनाही ते कळायला लागलं होतं. आमचे हे दूध घेऊन आले की सांगायचे, "लाल लागलंय. आज माणसांसारखं जेवायला मिळणार." हॉल्टमध्ये तीन भाकरी, दोन्ही वेळा भात, दर तिसऱ्या दिवशी एक गोड. आणि काट्यावर जुनी चादर. चौदा दिवस वजन करायचं नाही. करून देतच नसत. "गाडी उभी आहे, मैलाचे दगड कशाला मोजता?"

हॉल्ट म्हणजे मोकाट सुटणं नव्हे, यावरही त्या तितक्याच कडक. एका वकीलबाईंनी पहिल्या हॉल्टमध्ये चौदा दिवसांत अकरा वेळा मिसळ खाल्ली आणि पेटीभर वाढून आल्या. बाईंनी चादर काढली, दांडी सरकवली, आणि फार प्रेमानं विचारलं, "फलाटावर उतरून वडा खायचा होता. तू गावात लग्नाला जाऊन आलीस का?" आणि उपवास म्हटलं की बाईंचं डोकंच फिरायचं. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, प्रदोष करणाऱ्या एकीला म्हणाल्या, "हे असे वेळापत्रकात नसलेले थांबे घेतेस, अन् मी दिलेल्या थांब्याला मात्र तुला पाप वाटतं. देवाला साबुदाणा आवडतो हे तुला कुणी सांगितलं गं?"

हॉल्टच्या पहिल्या दिवशी सगळ्यांनी डबे आणून पार्किंगमध्येच एकत्र जेवायचं, हा नियम. कारण बायकांना खायची भीती वाटते हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. सहा आठवडे अन्नाला शत्रू मानलं की सातव्या आठवड्यात पुरी समोर आली तरी हात मागे जातो. माझ्या शेजारी मखमलाबादच्या सुमनताई बसायच्या. पहाटे शेवंतीच्या पाट्या बाजारात उतरवून तशाच क्लासला यायच्या, पदराला फुलांचा वास. त्यांना असली भीती नव्हती. पहिल्या हॉल्टला त्यांनी माझ्या ताटाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "वहिनी, खा की. बाईच सांगून राह्यल्यात खा म्हणून. आमच्या सासूनं असं एकदा तरी सांगितलं असतं, तर मी तिचे पाय धुतले असते."

मी हसले आणि पुऱ्या पर्समध्ये टाकल्या.

आता माझं दुखणं सांगते. मंजूचा, माझ्या मुलीचा साखरपुडा झाला होता. मुलाकडचे घोटीचे, तांदळाचे व्यापारी, सुखवस्तू माणसं. विहीणबाई शेवग्याच्या शेंगेसारख्या. मी मरून रंगाच्या साडीत, कपाळावर घाम, हातात पेढ्यांचं ताट. मुलाच्या आत्यांनी पेढा घेतला, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आदरानं वाकून नमस्कार करत म्हणाल्या, "तुम्ही नवरीच्या आज्जी का?"

पेढा त्यांच्या तोंडात गेला होता, नाहीतर मी परत काढून घेतला असता. लग्न सहा महिन्यांवर. त्या रात्री मी ठरवलं, लग्नात या बाईनं मला ओळखता कामा नये. आणि दुसऱ्या दिवशी बाईंच्या काट्यावर जाऊन उभी राहिले.

त्या म्हणाल्या, "सहा महिन्यांत दोन पेट्या उतरतील. तिसरी लग्नानंतर."

"तीन हव्यात."

"पाहिजेत म्हणून उतरतात का? दोन नीट उतरू दे. जावई बघायचाय तुला, आरसा नाही."

पण माझं गणित पक्कं. हॉल्टचे आठवडे वाया जातात, ते मी वाया घालवणार नाही. बाकीच्या बावीसजणी खातील तेव्हा मी पुढे जाईन. म्हणजे बघा, पार्किंगमध्ये मी एकटीच धावत होते, आणि तेही कुणाला न कळता. काट्यावर चादर पडली की मी सीबीएसला जायची, बसस्टँडवरच्या त्या दिवे लुकलुकणाऱ्या मशीनवर. नाणं टाकलं की खडखड करून तिकीट बाहेर. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. "आपण दिलदार आहात. मित्रांवर विश्वास ठेवा." पुढच्या वेळी, "प्रवासाचा योग आहे." मी वजनाचा आकडा बघायची आणि नाशिक रोडच्या बसमध्ये चढणाऱ्या माणसांकडे विजयी नजरेनं पाहायची. त्यांना काय कळणार की ही बाई सध्या जगज्जेती आहे.

दुसऱ्या हॉल्टपर्यंत केस गळायला लागले. दुपारी उन्हात थंडी वाजायची. घरात मी कुणाशी सरळ बोलेना. माझ्या मुलानं एकदा ताटात अर्धी पोळी टाकली तर मी त्याला तासभर झापलं, आणि मग ती अर्धी पोळी उचलून तिच्याकडे इतका वेळ बघत बसले की तोच घाबरला. हे म्हणाले, "आधी तू आजी दिसायचीस म्हणे. आता आजारी दिसतेस." मी त्यांच्याशी चार दिवस अबोला धरला. बाईंनी एकदा सहज माझा हात हातात घेतला. "गार का गं?" म्हणाल्या. मी म्हटलं, भांडी घासून आले. बाईंनी हात सोडला नाही. माझी नखं बघितली, मग शिटी वाजवून सगळ्यांना पळायला लावलं.

त्यांच्याबद्दल अजून कितीतरी सांगता येईल. पुढे दोन हजार चार-पाचच्या सुमाराला कॉलेज रोडला काचेच्या दारांचं जिम आलं, बायका तिकडे गेल्या, तरी बाईंच्या पार्किंगमध्ये सात-आठजणी टिकल्या. पैकी एक मी. एक डॉक्टर खास बघायला आले होते. त्यांनी काहीतरी इंग्रजीत समजावलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही दुपारी जेवलात का?" नव्हते जेवले. त्यांना भात वाढला. सुमनताईंच्या तीन पेट्या दीड वर्षात, नऊ हॉल्ट घेऊन उतरल्या, आणि उतरल्या त्या उतरल्याच. माझ्याही उतरल्या, पण लग्नानंतर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करून, प्रत्येक हॉल्टला समोर बसून, बोटं चाटून जेवून. ते सगळं खरं. पण बाई म्हटलं की मला त्यातलं काहीच आधी आठवत नाही. आधी आठवतो तो लाडू.

मंजूचं रुखवत आम्ही लग्नाच्या दहा दिवस आधी केलं. त्यात मधोमध एक लाडू, पाकातला, रवा-बेसनाचा, लहान कळशीएवढा. माझी बहीण आणि मंजू दोघींनी मिळून बांधला, वर बेदाण्यांनी दोघांची नावं लिहिली. मागच्या खोलीत टेबलावर, भिंतीला लावून ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे खरेदीला गेले. मी घरात एकटी. सलग पाच महिने भाकरी मोजून खाल्लेली. टेबलावर लाडवाचा एक कण पडला होता. अन्न वाया जाऊ नये म्हणून उचलला. तिसऱ्या दिवशी मला लाडवाची मागची बाजू जरा खडबडीत वाटली. ती सारखी करायला चमचा घेतला. सारखी करताना जे निघालं ते टाकणार कुठे? चौथ्या दिवशी सारखी केलेली बाजू फारच सारखी दिसायला लागली, म्हणून जरा गोलाई आणली. मी खात होते असं मला एकदाही वाटलं नाही. मी सुतारकाम करत होते. नवव्या दिवशी माझी मूठ मनगटापर्यंत आत गेली. समोरून पाहाल तर अख्खा लाडू, बेदाण्यांत लिहिलेली नावं. मागून कसाऱ्याचा बोगदा. मी तो भिंतीकडे वळवला, चमचा धुतला आणि देवाला नमस्कार केला.

कार्यालयात रुखवत मांडलं तेव्हा लाडू मी स्वतः उचलून ठेवला, पाठ भिंतीला घट्ट लावून. घोटीच्या बायका बघायला आल्या. माझ्या बहिणीनं अभिमानानं सांगितलं, "हा मोठा लाडू मंजूनं स्वतः केलाय." सगळ्यांनी वा वा केलं. मला वाटलं, सुटले. तेवढ्यात मुलाची आजी पुढे आली. नव्वदीची, काठी टेकत, तोंडात चार दात.

"नुसता बघायला ठिवलाय का? फोडा की. आमच्यात आजीनंच फोडायचा आस्तो."

आणि कुणी अडवायच्या आत त्या माऊलीनं दोन्ही हातांनी लाडू उचलला.

"आगं, एवढाल्ला लाडू आन् हलका कसा?"

तिनं तो फिरवला. सगळ्या बायका त्या भोकात बघत होत्या. आतून चमच्याच्या रेघा ओळीनं उमटलेल्या.

"उंदरानं खाल्ला असंल," कुणीतरी म्हणालं.

मुलाच्या त्याच आत्या म्हणाल्या, "घोटीला उंदीर लय. पन चमच्यानं खानारा नाय बघितला मी." मग त्यांनी मान वळवली. "नवरीनंच केलाय म्हनत होता ना?"

एक-दोघी हसल्या. एकजण हळूच म्हणाली, "खाती-पिती दिसतीय सून." मंजू मुंडावळ्या बांधून शेजारीच उभी होती. तिला खालचा ओठ चावायची सवय, तो तिनं चावला, आणि डोळे भरून आले. अजून अक्षतासुद्धा पडल्या नव्हत्या. मला बोलायचं होतं. तोंड उघडलं. पाच महिने ते मी इतकं बंद ठेवलं होतं की ऐनवेळी शब्दच येईना, असं मी पुढे स्वतःला समजावलं. खरं कारण साधं होतं. समोर आत्याबाई उभ्या होत्या, आणि त्या दिवशी त्यांनी मला आज्जी म्हटलं नव्हतं.

"मी खाल्ला."

बाई. पैठणी, खाली तेच कॅनव्हासचे बूट. बायकांना बाजूला सारत पुढे आल्या. "काल संध्याकाळी मदतीला गेले होते यांच्याकडे. एकटीच होते त्या खोलीत. राहवलं नाही. लेकरू रडतंय कशाला? मी खाल्ला म्हणते ना." आणि त्यांनी आजीच्या हातातल्या लाडवाच्या कडेचा एक मोठा तुकडा मोडला आणि सगळ्यांसमोर तोंडात टाकला.

"तुमचा वजन उतरवायचा क्लास आहे ना?" आत्याबाईंनी विचारलं.

"आहे. म्हणून तर एवढी भूक."

असा हशा झाला की बाहेरचे बँडवाले डोकावून गेले. आजीबाईंनी तर बाईंच्या पाठीवर थाप मारली, "खानारी बाई हाय, खोटारडी नाय!" मंजूकडे मग कुणी पाहिलंच नाही. बाई पहिल्या पंगतीला मधोमध बसल्या. सगळे बघताहेत हे त्यांना ठाऊक होतं. जिलबीवाला आला की त्या मुद्दाम हात वर करायच्या. पाच जिलब्या खाल्ल्या. बाईंना जिलबी आवडत नसे. मी वाढपात तूप घेऊन फिरत होते, नवी साडी, अडीच पेट्या उतरलेली, आणि त्यांच्या ताटासमोरून जाताना मला मान वर करता आली नाही.

सोमवारी पार्किंगमध्ये चारजणी होत्या. लग्नातली हकिगत कॉलनीभर झाली होती. वजन उतरवणारी बाई रुखवताचा लाडू पोखरते, याच्याइतकी चविष्ट बातमी कॉलनीला वर्षभरात मिळाली नव्हती. मी मंगळवारी गेले. तेव्हा दोघीच. सुमनताई आणि एक नवी, जिला अजून काही कळलं नव्हतं. बाई काटा पुसत होत्या. मी म्हटलं, "बाई, मी सगळ्यांना खरं सांगते. आजच सांगते, घरोघर जाऊन."

बाईंनी फडकं पिळलं, कठड्यावर वाळत टाकलं, आणि म्हणाल्या:

"गप बस. मला खादाड म्हणून हसले, ते तर मी रस्त्यानं चालले तरी हसतात. तुला हसले असते, तर तुझ्या लेकीला घोटीला प्रत्येक सणाला तो लाडू वाढला असता. माझा क्लास येईल परत, बायकांना विसरायला महिना पुरतो. तू आधी घरात चल आणि माझ्यासमोर दोन भाकरी खा. आणि एक सांगते, तुझ्या बहिणीला सांग, लाडवात वेलदोडा फार झाला होता."